एफ-ई-जे-टी म्हणजे मिरज

सीडी उघडली आणि फाईलच्या पहिल्याच ओळीत दिसलं: एफ-ई-जे-टी. चार छोटी इंग्रजी अक्षरं, एकमेकांना चिकटून. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "आत्या, फाईल करप्ट झालीय."

"करप्ट कशानं? मिरज लिहिलंय की."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी त्याला फोड करून सांगितली. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ई म्हणजे म, जे म्हणजे र, टी म्हणजे ज. सांगली हवी असेल तर एल-के-ए-एक्स-वाय-एच. पुण्यात संगणकाची डिग्री करणारा हा मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला, जशी काही मी मोडी वाचून दाखवली. पंचवीस वर्षं हेच काम केलंय. डोळ्याला मराठी दिसायची, बोटांना एफ-ई-जे-टी माहीत होतं आणि संगणकाला तर तेवढंच माहीत होतं. त्याच्या लेखी ती मराठी कधी नव्हतीच. फॉन्ट वरून मराठीचा मुखवटा घालायचा. आता नव्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, म्हणून मुखवटा गळून पडला.

माझं दुकान सांगलीत खणभागात. टायपिंगची मराठी थर्टी, इंग्लिश फॉर्टी पास झाले, एका प्रेसमध्ये वर्षभर कंपोझ शिकले आणि १९९९ मध्ये स्वतःचं डीटीपी टाकलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, बारशाच्या चिठ्ठ्या, मंडळांच्या स्मरणिका. मजकूर पेजमेकरमध्ये, सजावट कोरलमध्ये. आता पत्रिका लोक फोनवरच करतात आणि व्हॉट्सअॅपला पाठवतात. राहिलंय ते फ्लेक्सचं काम. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा दोन दिवसांत माझ्याकडे अभिनंदनाच्या सात फ्लेक्सची ऑर्डर आली. त्यातल्या चार जणांनी मजकूर पाठवताना 'अभीजात' लिहिलं होतं. मी गुपचूप दुरुस्त केलं. दुरुस्त करण्याची ही खोड लक्षात ठेवा, पुढे तीच अंगाशी येणार आहे.

सीडी गुरुजींची होती. गुरुजी जत तालुक्यातले, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावातले. प्राथमिक शाळेत नोकरी केली आणि नोकरीभर शब्द गोळा केले. त्या भागात माणूस एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो आणि आपण दोन भाषा बोलतोय हे त्याच्या ध्यानीही नसतं. गुरुजींनी तीन रकाने पाडले होते: गावात बोलतात तो शब्द, त्याचा अर्थ आणि कन्नडमधला जोडीदार. तूप आणि तुप्प. अडकित्ता आणि अडके, म्हणजे सुपारी. असे अडीच हजारांच्या आसपास शब्द. २००३ मध्ये आम्ही त्याची तीनशे प्रतींची पुस्तिका छापली. गुरुजींनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले, तेही तीन हप्त्यांत.

पुढे त्यांनी आणखी शब्द जमवले आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी पाच वह्या माझ्याकडे आणून ठेवल्या. ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा मी मशीन, यूपीएस आणि कागदाची रिमं वरच्या मजल्यावर हलवली. वह्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर होत्या. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि फळी त्या खुणेच्या हातभर वर होती, म्हणून वह्या तिथेच राहू दिल्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. दहा दिवसांनी शटर उघडलं तेव्हा वह्यांचा लगदा झाला होता. शाईच्या पेननं लिहिलेलं होतं सगळं, त्यामुळे लगद्यात निळसर रंग तेवढा उरला होता.

फोन करून सांगितलं तर गुरुजी एवढंच म्हणाले, "मशीन वाचलं न्हवं?"

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांच्या नातीचा फोन आला आणि ती म्हणाली, "आजोबांची शब्दांची यादी फोनवर वाचता येईल अशी करून द्याल का?", तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. नव्या वह्या गेल्या, निदान जुनी यादी तरी. पुस्तिकेची एक प्रत तिच्याकडे होती, वाळवी लागलेली. माझ्याकडे माळ्यावर ती सीडी. सीडी वाचणारा संगणक शोधायला आठवडा गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुम्ही म्हणाल, परत टाईप का नाही केलं? एकशे ऐंशी पानं, माझ्या वेगानं तीन आठवडे. पण टाईप केलं की नव्या चुका येतात, प्रुफं तपासावी लागतात आणि गुरुजींना आता दिसत नाही. नेटवर जुना फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या कुठल्याही फोनला कळणाऱ्या मराठीत, बदलून देणाऱ्या फुकटच्या सोयी आहेत. त्या साध्या मजकुराला चालतात, पण आमच्या तीन रकान्यांचा त्यांनी चिवडा केला. शिवाय गुरुजींच्या फुल्या होत्याच. कन्नडमध्ये ए दोन, एक आखूड आणि एक लांब. ओ पण तसेच दोन. मराठीत आपल्याला त्याची गरज पडत नाही. गुरुजी हस्तलिखितात आखूड ए-ओवर एक छोटी तिरकी रेघ देत. फॉन्टमध्ये ती नव्हती, म्हणून २००३ मध्ये मी अशा प्रत्येक अक्षरापुढे एक फुली टाकली आणि प्रस्तावनेत खुलासा छापला. त्या फुल्या या सोयींनी कचरा समजून झाडून टाकल्या.

भाचा म्हणाला, "आत्या, तू पायथन शीक. पंधरा दिवसांत होईल."

पायथन म्हणजे संगणकाला काम सांगायची एक भाषा. पंधरा दिवसांत नाही झालं. पाच महिने लागले.

रात्री नऊला शटर अर्धं ओढायचं आणि बसायचं. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. मराठीतले बरेचसे तीन भागांनंतर बंद पडलेले. सुरुवातीला मला वाटायचं, आज्ञा मराठीत असत्या तर किती सोपं झालं असतं. आता तसं वाटत नाही. पायथनचे राखीव शब्द सगळे मिळून ३५. तेवढे इंग्रजी शब्द तर फ्लेक्सवाल्या पोरालाही येतात. अवघड आहे ते दुसरंच: काम इतकं बारीक फोडून सांगायचं की सांगताना आपलीच आपल्याला लाज वाटावी. "वेलांटी पुढच्या अक्षरामागे टाक." पुढचं म्हणजे कुठलं? ते अर्धं असेल तर? ओळ तिथंच संपत असेल तर? नवशिक्या कंपोझिटरला जेवढं सांगावं लागतं त्याच्या दसपट. फरक एवढाच, की याला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही आणि दुपारी चहाला जात नाही.

एक गंमत सांगते. पायथनमध्ये आपण ठेवलेल्या नावांना देवनागरी चालते. मी सरळ 'ओळ', 'रफार', 'वेलांटी' अशी नावं दिली. भाचा हसला, म्हणाला, असं कोण करत नाही. म्हटलं, नसेल करत. पण दोन महिन्यांनी माझं मला कळलं पाहिजे ना. मजकुरात देवनागरीत लिहिलेला २५ आकड्यात बदलायला सांगितला की तोही त्याला कळतो, त्यात बेरीजसुद्धा होते. हे कळलं त्या दिवशी मी कारण नसताना अर्धा तास नुसत्या बेरजा करत बसले होते.

पण पहिला धडा मिळाला तो शब्द उलटा करण्याच्या उदाहरणात. सगळ्या शिकवण्यांत हे उदाहरण असतंच. मी 'मिरज' दिलं. वाटलं होतं 'जरमि' येईल. आलं 'जरिम'. वेलांटी म सोडून र वर जाऊन बसली. मग 'क्षत्रिय' या शब्दात किती अक्षरं ते विचारलं. माझ्या डोळ्याला तीन. तो म्हणाला आठ. क, पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह, ष, त, परत हलन्त, र, वेलांटी, य. मोजून बघा.

युनिकोडमध्ये वेलांटी अक्षराच्या नंतर येते. जशी बोलताना येते तशी: आधी म, मग इ. दिसते मात्र आधी. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये जे आधी दिसतं ते आधी टाईप व्हायचं, कारण त्याची मांडणी टायपरायटरवरून आलेली आणि टायपरायटरला उच्चाराशी काय देणंघेणं? कागदावर ठसा उमटला की त्याचं काम झालं. म्हणजे मी इतकी वर्षं लिहीत होते ते अक्षरांची चित्रं. मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात तयार होत होती, फाईलमध्ये नव्हती. त्या रात्री मला जरा हिरमुसल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

मग कामाला लागले. वेलांटीला पुढं ढकलायचं, रफाराला मागं ओढायचं, असं दोन वाक्यांत सांगता येईल. करताना डिसेंबर संपला. 'स्थिती'तली पहिली वेलांटी स् आणि थ दोघांना ओलांडून जायला हवी. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमनं ती दोघांच्या मध्ये नेऊन बसवली. रफार त्याहून वाईट. 'सर्वांना' टाईप करताना रफार कान्याच्याही पुढे येतो. त्याला उचलून काना आणि व दोन्हींच्या मागं न्यायचा आणि तिथे र करून पाय मोडायचा. शिवाय अदलाबदलीचा क्रम. जोडीनं येणाऱ्या कळा आधी बदलायच्या, सुट्या नंतर. उलटं केलं की सुटी कळ जोडीतला अर्धा घास खाऊन टाकते. हे मला चौथ्या दिवशी आपोआप सुचलं, कारण पेजमेकरमध्ये फाईंड-रिप्लेस करताना हाच मार खाल्ला होता. तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं की बाई, हे प्रोग्रॅमिंग आहे.

ऱ्य आणि र्य हे तर वेगळंच प्रकरण. सीडीवरच्या फाईलच्या शेवटी प्रकाशन समारंभाचा जमाखर्च होता. गुरुजी हिशेबाला पक्के. त्यात 'आचाऱ्यांना दिले' अशी ओळ होती, जेवणावळीचे. माझ्या प्रोग्रॅमनं तिचं केलं 'आचार्यांना दिले'. बरं, त्या समारंभाला अध्यक्ष म्हणून खरोखरच एक आचार्य आले होते आणि त्यांनी एक पैसाही घेतला नव्हता.

मध्येच भाच्यानं फोनवरच्या एका एआयची ओळख करून दिली. लोक त्याला एकतर डोक्यावर घेतात नाहीतर शिव्या देतात. माझं मत तिसरंच. तो प्रेसमध्ये नव्यानं लागलेल्या हुशार पोरासारखा आहे. हात वेगवान, पण हस्तलिखितातला शब्द लागला नाही की विचारायच्या ऐवजी मनानं घालतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. रफार मागं ओढण्याचा जो भाग मला तीन आठवडे छळत होता तो त्यानं अर्ध्या मिनिटात लिहून दिला आणि तो चालला. त्याच दमात त्याला आमच्या फॉन्टचा तक्ता विचारला, कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर. तर त्यानं सुबक तक्ता काढून दिला आणि त्यातली दर दहातली तीन अक्षरं साफ बनवलेली होती. मला तक्ता पाठ होता म्हणून कळलं. ज्याला पाठ नाही त्यानं काय करायचं?

आता कन्नडचं सांगते. तिसरा रकाना बरोबर बदलला की चुकला हे मला कळतच नव्हतं. मराठी शब्द चुकला तर डोळ्याला टोचतो, कन्नड शब्द चुकला तरी गोड दिसायचा. म्हणून फोनवर एक भाषा शिकवणारं अॅप घेतलं. त्यानं पहिल्या दिवशी शिकवलं, "ऊट आय्ता?", म्हणजे जेवण झालं का. दुकानासमोर चहाची गाडी लावणाऱ्या अक्कांचं माहेर विजापूरकडचं. त्यांच्यावर जाऊन प्रयोग केला. त्या चहा गाळता गाळता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे बेंगळुरूचं झालं ताई. आमच्यात 'ऊटा आतेन्री' म्हणतात."

मग अॅप बाजूला पडलं आणि अक्का सुरू झाल्या. रोज दोन चहा, पाच शब्द. कांदा म्हणजे उळ्ळागड्डि, पुस्तकात मात्र ईरुळ्ळि. गूळ म्हणजे बॆल्ल. आपली हळद तिथे अरिशिन. घर पुस्तकात मनॆ, अक्कांच्या तोंडी मनि. तिकडे शब्दाच्या शेवटचा ए बोलताना इ होतो, हे मला कोणी नियम म्हणून सांगितलं नाही, पण वीसेक शब्द ऐकल्यावर कानाला कळलं. एकदा त्या फोनवर कुणावर तरी चिडून "कत्ति, कत्ति" म्हणत होत्या. मला वाटलं सुरी मागतायत, मी कागद कापायची कत्ती आणून दिली. कत्ति म्हणजे तलवार पण आहे, पण अक्का म्हणत होत्या ते गाढव. पुस्तकातलं कत्तॆ. बहुधा जावयाबद्दल होतं.

अक्कांशी बोलायचं म्हणजे बातम्याही आल्याच. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांनी आपल्याकडे यायचा ठराव केलाय, त्यावर विचार करतोय, असं सांगितलं तेव्हा सांगलीत गाडीगाडीवर चर्चा होती. गावं पाण्यासाठी रडत होती आणि इथले लोक भाषेवर भांडत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडं कंडक्टरला मारहाण झाली, काळं फासण्याचे प्रकार झाले आणि दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या. अक्कांची आई आजारी होती. त्या चार दिवस गाडी लावायच्या आणि फोन हातात धरून बसायच्या. मी त्या दिवसांत पाच शब्द मागितले नाहीत.

एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला. दुकानात येणारा प्रत्येक जण मला विचारायचा, तुमचं काय मत? कारण मी शेहेचाळिसाव्या वर्षी कन्नड गिरवतेय हे एव्हाना गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं. माझं मत साधं होतं. सहा वर्षांच्या पोराला आधी ऱ्हस्व-दीर्घ कळू दे, मग काय शिकवायचं ते शिकवा. २९ जूनला सरकारनं जीआर मागं घेतला, त्याचेही फ्लेक्स झाले. दोन्ही बाजूंचे फ्लेक्स मीच केले. धंदा आहे.

मार्चमध्ये एक गोष्ट हाती लागली, तिनं सगळा शीण घालवला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आकडा असतो. आपल्या क चा २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. मग ख चा बघितला, तो पण ८९६. म चा, ळ चा, कान्याचा, अनुस्वाराचा, सगळ्यांचा ८९६. भाच्याला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं की भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये एक भारतीय मानक ठरलं होतं, इस्की नावाचं, त्यात सगळ्या लिप्यांची अक्षरं एकाच क्रमानं लावली होती. युनिकोडनं तीच मांडणी घेतली आणि प्रत्येक लिपीला १२८ आकड्यांचं एकेक घर दिलं. देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि मग कन्नड. सात घरं पुढं. सात गुणिले एकशे अठ्ठावीस करून बघा, ८९६ च येतात.

म्हणजे मी तिसऱ्या रकान्यात प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवले की तो रकाना कन्नड लिपीत! एका ओळीचं काम. गुरुजींच्या फुल्यांचीही सोय होती: देवनागरीच्या घरात आखूड ए आणि आखूड ओ यांना जागा राखून ठेवलेली आहे, ऎ आणि ऒ. मराठीत कोणी वापरत नाही, पण घर रिकामं नाही. फुली दिसली की तिच्या आधीचा ए आखूड करायचा. सगळं चाललं, फक्त 'ऑफीस'मधल्या ऑ च्या जागी चौकोन आला. तिकडच्या घरात त्या जागी कोणी राहत नाही.

कागदावर छापून अक्कांकडे नेलं. त्या सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेल्या. चष्मा लावून एकेक शब्द वाचायला लागल्या आणि मी देवनागरीतली यादी हातात धरून तपासत होते. तुप्प, बरोबर. हालु म्हणजे दूध... त्या म्हणाल्या, "हे हालू असं लांब का लिहिलंय?" मी पुढं सरकले. नीरू, परत लांब. बेकू, लांब. मग एका ठिकाणी त्या हसायलाच लागल्या. "हत्ती? आमच्यात हत्ति म्हणजे कापूस ताई. आनॆ म्हणजे तुमचा हत्ती. हे लांब करून कुणी ठेवलं?"

मी ठेवलं होतं.

कन्नडमध्ये असे शब्द आखूड संपतात. हालु, नीरु, बेकु, हत्ति. गुरुजींनी हस्तलिखितात तसेच लिहिले होते. आणि मला १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम पाठ: शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ. 'आणि' अन् 'नि' सोडून. २००३ मध्ये मी तिसरा रकाना कंपोझ करताना झाडून सगळे शेवट दीर्घ करून टाकले होते. अगदी 'अभीजात' दुरुस्त करावं तितक्या सहज. मास्तर असून शुद्धलेखन कच्चं, असंही मनात आलं असणार तेव्हा.

फुल्या वाचल्या कारण त्या मला समजल्या नव्हत्या. जे मला समजलं असं वाटलं, ते मी मोडलं.

एआयला विचारलं. तो म्हणाला, शेवटचे सगळे दीर्घ ऱ्हस्व करून टाका, बहुतेक बरोबर येतील. बहुतेक येतीलही. पण गुरुजींनी बोली उतरवली होती. काही शब्द तिथे खरंच लांब होते, मानानं हाक मारताना 'री' ओढतात तसे. मी दोन हजार शब्द एका ओळीत आखूड केले आणि जे अक्कांना शंकेचे वाटले ते दोनशे दहा वेगळे काढले. त्याच वेळी यादीत दुबार आलेल्या नोंदीही काढून टाकल्या. पहिल्या रकान्यात तोच शब्द परत दिसला की दुसरी नोंद उडवायची, अशी ओळ टाकली. यादी मराठी क्रमानं लावली. पायथन स्वतःहून ळ ला ल च्या शेजारी नेतो, म्हणजे 'काळा' हा 'कावळा'च्या आधी. आपल्याकडे आणि कन्नडमध्येही ळ येतो ह च्या नंतर. तो क्रम हातानं लिहून दिला. क्ष कुठं ठेवायचा यावर मी आणि भाचा दोन दिवस भांडलो. शेवटी क मध्येच ठेवला.

जुलैत एसटीनं जतला गेले आणि तिथून वडापच्या जीपनं गुरुजींच्या गावी. सांगलीत झड लागली होती, कवठे महांकाळ ओलांडलं आणि ऊन. गुरुजी सोप्यात खाटेवर बसले होते. डोळ्यांनी माणूस ओळखत नाहीत, आवाजानं ओळखलं.

मी शब्द वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि उच्चार करून दाखवायचे. आतून त्यांची सून भाकरी थापता थापता मध्येच दुरुस्ती करायची. तासाभरात साठ-सत्तर शब्द झाले. 'हत्ति' आला तेव्हा मी थांबले आणि सांगून टाकलं. म्हटलं, गुरुजी, हे सगळं मी बिघडवलं होतं, तेव्हा कळलं नाही.

ते म्हणाले, "मला ठावं हाय की. पहिल्या प्रुफात मी समद्यांवर खूण केली हुती. दुसऱ्या प्रुफात तू परत लांब करून आणलंस."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"म्हटलं छापखान्याचा नियम आसंल."

मला त्यांच्या खुणा आजही आठवत नाहीत. लाल पेननं केल्या असतील, मास्तर होते ते. मी कुठल्यातरी घाईत, कुणाच्या तरी पत्रिकेच्या मधे, त्या बघून न बघितल्यासारख्या केल्या असणार.

जेवण झालं, परत बसलो. साडेचारच्या वडापला निघायचं होतं. शेवटून तिसऱ्या शब्दावर अडलं. 'या' या शब्दापुढं बर्रि की बर्री? सून म्हणाली आखूड. गुरुजी म्हणाले लांब. तिनं आतून परत आखूड म्हटलं, जरा जोरात. गुरुजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वाटंवरनं पाहुण्याला हाक मारायची तर लांब. सोप्यात आल्यावर आखूड. दोन्ही लिव्ह."

दोन्ही लिहिले. रात्री दहाला सांगलीत पोचले, दुकान उघडलं आणि दुबार नोंदी उडवणारी ती ओळ प्रोग्रॅममधून काढून टाकली. मग परत चालवून बघितलं, तर त्या ओळीनं आधीच आणखी अठ्ठेचाळीस शब्द उडवलेले निघाले. गुरुजींनी तेही दोनदा लिहिले होते, दोन वेगळ्या अर्थांनी. आता पुढच्या महिन्यात परत जतला जायचंय.